ग्रेट सर्कल मॅपर : तिकीट काढण्याआधी बघायची रेघ

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, हे विमानाच्या तिकिटावर कुठेच छापलेलं नसतं. भाडं असतं, सामान किती किलो न्यायचं ते असतं, सुटण्या-पोचण्याच्या वेळा असतात, त्याही दोन वेगळ्या देशांच्या घड्याळांतल्या. रेल्वेचं साधं तिकीट किलोमीटर सांगतं, पण लाखभर रुपये मोजून घेतलेलं विमानाचं तिकीट सांगत नाही. मग माणूस तासांवरून अंदाज बांधतो, आणि परदेशी मुलाकडे पहिल्यांदा निघालेले आई-वडील तिथेच फसतात.

हे अंतर फुकट आणि भरवशाने सांगणारी एक जागा आहे, तिच्याबद्दल लिहितोय. ग्रेट सर्कल मॅपर नावाची वेबसाइट. पत्ता जीसीमॅप डॉट कॉम. कार्ल स्वार्ट्झ नावाच्या माणसाने ती उभी केली. दिसायला साधी, जुन्या वळणाची. पण पानावर जे आहे ते कामाचं आहे, आणि इतकी वर्षं वापरूनही तिच्यावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही.

माझी सगळी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमध्ये गेली, सांताक्रूझ-सहारच्या पट्ट्यात. विमान कुठल्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून, समोरून किती वारा लागेल, इंधन किती भरायचं, उतरण्याच्या ठिकाणी धुकं असलं तर ऑल्टरनेट म्हणजे पर्यायी विमानतळ कुठला, हे सगळं जमिनीवर बसून ठरवायचं आणि तो फ्लाइट प्लॅन कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे ते काम. निवृत्त झालो, पार्ल्यात राहतो. आमच्या इमारतीत निम्म्या घरांतली मुलं बाहेर आहेत. त्यामुळे माझ्या दारावरची बेल वाजते ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी. "अहो, जरा बघून सांगता का, हे तिकीट बरं आहे ना?" मी उत्तर द्यायला बसतो तेव्हा पहिलं पान उघडतो ते हेच.

वापरायला सोपं आहे. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, तो तिकिटावर असतोच. मुंबईचा बीओएम, जुन्या बॉम्बेवरून आलेला. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, लंडन हीथ्रोचा एलएचआर, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. पानावरच्या रकान्यात बीओएम, मग आडवी छोटी रेघ, मग जेएफके असं लिहायचं आणि नकाशाचं बटण दाबायचं. लगेच पृथ्वीचा गोल येतो, त्यावर लाल रेघ येते आणि खाली अंतर येतं. ते मैलांत आलं तर घाबरू नका, किलोमीटर निवडायची सोय आहे. नॉटिकल मैलही आहेत, पण ते आमच्यासारख्यांसाठी. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, एवढं कळलं तरी पुरे.

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५४० किलोमीटर भरतं.

आता ती रेघ बघा. घरी भिंतीवर लावलेला जगाचा नकाशा बघून कुणालाही वाटेल की विमान मुंबईहून सरळ पश्चिमेला, अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक ओलांडून जात असेल. रेघ तशी जातच नाही. ती निघते वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेला. सौराष्ट्र-कच्छवरून सिंध, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, फिनलंडच्या बाजूने वर, नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर तिचा सर्वांत उत्तरेचा बिंदू, जवळजवळ ६५ अंश. तिथून ती खाली वळते. आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर, आणि मग न्यूयॉर्क. हा वळसा दिसतो, पण सर्वांत जवळचा रस्ता हाच आहे, यालाच ग्रेट सर्कल म्हणतात. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. मोसंब्याची साल टेबलावर सपाट पसरायला गेलात तर ती कुठेतरी फाटते नाहीतर ताणावी लागते, तसंच नकाशाचं होतं. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली जो नकाशा केला त्यात उत्तरेकडचे प्रदेश ताणले गेले. जहाजाला दिशा धरायला तो उत्तम होता, पण अंतर मोजायला त्याचा उपयोग नाही. या साइटवर लांबच्या प्रवासासाठी गोल नकाशा येतो म्हणून रेघ खरी दिसते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर नातवंडांना घेऊन दोरा ताणून बघा, दोरा रशियावरूनच जाईल.

साइटचा खरा उपयोग मात्र यापुढे सुरू होतो. दोन विमानतळांऐवजी तीन लिहा. मधला थांबा घालून.

बीओएम-एलएचआर-जेएफके असं, मध्ये त्याच छोट्या रेघा देऊन लिहिलं की लंडनमार्गे अंतर येतं. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५४०. बेरीज १२,७५० च्या आसपास. म्हणजे थेट जाण्यापेक्षा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त, मुंबईहून गोव्याच्या अर्ध्या वाटेएवढेसुद्धा नाहीत. फ्रँकफर्टमार्गे १२,७६०, जवळपास तेच. दुबईमार्गे साधारण १२,९३०. दिल्लीमार्गे १२,८९०. आकाशातलं अंतर या चारही वाटांनी फार तर तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतं. तरीही एका तिकिटावर अठरा तास लिहिलेले असतात आणि दुसऱ्यावर एकतीस. ते जादा तेरा तास विमान उडत नसतं. ते तास विमानतळावरच्या खुर्चीत जातात. गुडघे दुखणारी आई, मधुमेह असलेले वडील, रात्री अडीच वाजता परक्या विमानतळावर, आणि पुढच्या विमानाचं गेट अजून बोर्डावर आलेलं नाही, अशी ती वेळ. हे अंतर समोर मांडल्याशिवाय लोकांना पटत नाही. मांडलं की आपोआप पटतं.

आणि थांबा वाटेवरचा आहे की आडवाटेचा, हेही लगेच दिसतं. आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेलला असतो. सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं. त्यांना एका एजंटाने स्वस्त म्हणून सिंगापूरमार्गे सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट सुचवलं होतं, मध्ये रात्रभराचा थांबा. काकू तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या. "भाऊ, सिंगापूर तर जवळच आहे ना हो? चार हजार किलोमीटरसुद्धा नाही म्हणे." सिंगापूर जवळ आहे हे खरं, मुंबईहून ३,९२० किलोमीटरच्या आसपास. पण सिंगापूरहून सॅन फ्रान्सिस्को पुन्हा जवळजवळ १३,६०० किलोमीटर आहे. आणि मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को किती? साडेतेरा हजार. म्हणजे सिंगापूरला पोचल्यावरही अमेरिका तेवढीच लांब राहते, एक किलोमीटरसुद्धा कमी होत नाही. मी दोन्ही रेघा एकाच नकाशावर काढून दाखवल्या. मध्ये स्वल्पविराम देऊन दोन मार्ग लिहिले की ते शेजारी शेजारी येतात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे तर उलट्या दिशेने जाऊन परत येणं झालं." चार हजार किलोमीटर जादा, म्हणजे हवेतच साडेचार तास जादा, थांबा वेगळाच.

मग दिल्ली घालून बघितली. मुंबई-दिल्ली साधारण १,१४० किलोमीटर, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम दहा किलोमीटरनी जास्त! सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सरळ रेघ मुंबईहून जवळजवळ उत्तरेलाच निघते, त्यामुळे दिल्ली अगदी वाटेवर पडते. न्यूयॉर्कला जाताना हीच दिल्ली साडेतीनशे किलोमीटरचा वळसा होते. कुणाला पुण्याहून मुंबईला येऊन मग पुढे जायचं असेल, नागपूरहून जायचं असेल, त्यांनी तर हे जरूर करून बघावं. नागपूरकराने अमेरिकेला जायला आधी मुंबईला यावं की दिल्लीला जावं, याचं उत्तर सवयीने देऊ नये.

इथपर्यंत अंतर झालं. वेळ ही निराळी गोष्ट आहे, आणि साइट त्या बाबतीत जेवढं सांगते तेवढंच घ्यावं. वेगाचा एक रकाना आहे, त्यात तुम्ही वेग लिहिला की ती भागाकार करून वेळ देते. वारा ती मोजत नाही, बंद आकाश तिला ठाऊक नाही. तसा तिचा दावाही नाही. म्हणून माझा आडाखा सांगतो. किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. विमान वर गेल्यावर ताशी ९०० च्या आसपास असतं, पण चढणं, उतरणं आणि रनवेपर्यंतची वाट धरून ८५० बरा. लंडनला नऊ तास येतात, मेलबर्नला (९,८०० किलोमीटर) बारा, न्यूयॉर्कला सव्वापंधरा. पहिले दोन आकडे वेळापत्रकाशी बरेच जुळतात. न्यूयॉर्कला मात्र जाताना थेट विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा. रेघ तीच, अंतर तेच, मग दीड-दोन तासांचा फरक कशाचा?

वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जो वेगवान पट्टा आहे, जेट स्ट्रीम, तो हिवाळ्यात फार जोरात असतो. पश्चिमेला जाणारं विमान त्याच्या अंगावर जातं, पूर्वेला येणाऱ्याला तो मागून ढकलतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. आम्ही डिस्पॅचवाले रोज सर्वांत आधी बघतो तो वाऱ्याचा तक्ता, नकाशा नंतर.

वाऱ्यापुढे अंतर कसं हरतं याचं मला फार आवडतं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता झाला १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. पण सगळा वारा पाठीवर. विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. ज्याने कुणी तो मार्ग पहिल्यांदा कागदावर मांडला असेल त्या डिस्पॅचरबद्दल मला आजही आदर वाटतो. रेघेपेक्षा वाकडं जाऊन लवकर पोचवणं, हीच आमच्या कामातली खरी विद्या.

दुसरं कारण आकाशाची दारं. वर मी जी रेघ सांगितली ती पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून जाते. पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश २०१९ मध्ये काही महिने बंद ठेवलं होतं आणि २४ एप्रिल २०२५ ला पुन्हा बंद केलं. याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईची जागा या बाबतीत चांगली आहे, समोर अरबी समुद्र मोकळा पडलाय, ओमानच्या बाजूने निघता येतं. वळसा पडतो, पण दिल्लीएवढा नाही. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्या तिथून जात राहिल्या. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात, त्यात विमानाचा दोष नसतो. साइटवरची सरळ रेघ बघताना ती कुठल्या देशांवरून जाते हेही बघा, आणि त्या दिवसांच्या बातम्या आठवा.

विमान प्रत्यक्षात कुठून गेलं हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा नंबर घालावा. गेल्या काही दिवसांची उड्डाणं, सुटण्या-पोचण्याच्या खऱ्या वेळा आणि मार्ग दिसतात. मी दोन्ही पानं शेजारी ठेवतो. ग्रेट सर्कल मॅपरवर सर्वांत जवळचा रस्ता, फ्लाइटरडारवर आज घेतलेला रस्ता. दोघांत किती फट आहे ते बघितलं की तिकिटावरचे तास पटतात.

घड्याळांचा गोंधळही इथेच सांगून टाकतो, कारण बेल वाजवणाऱ्यांपैकी निम्मे याच कोड्यात असतात. समजा विमान मुंबईहून रात्री दीडला सुटलं आणि सोळा तास उडलं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे त्याच दिवशी सकाळचे आठ. तिकिटावर दिसतं १:३० ते ८:००, आणि माणूस म्हणतो, साडेसहा तासच तर आहेत. परतीला दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी उतरलात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. तिकिटावर पूर्ण एक दिवस. दोन्ही आकडे दिशाभूल करतात. हिवाळ्यात अमेरिका घड्याळ मागे घेते, तेव्हा फरक साडेदहा तासांचा होतो. किलोमीटर मात्र उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेच राहतात, म्हणून मी सुरुवात नेहमी त्यांच्यापासून करतो.

थोडं इंधनाबद्दल, कारण लोक विचारतात की थेट विमान महाग का. बोइंग ७७७-३००ईआर च्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, वजनाने साधारण १४५ टन. लांबच्या प्रवासात सुरुवातीला जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग पुढचं इंधन वाहून नेण्यातच जातो. शिवाय लागणाऱ्या इंधनावर साधारण पाच टक्के जादा, ऑल्टरनेट विमानतळापर्यंतचं वेगळं, आणि वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव, हे सगळं नियमाने ठेवावं लागतं. समोरचा वारा वाढला तर तेवढं सामान किंवा तेवढे प्रवासी कमी घ्यावे लागतात, त्याला आम्ही पेलोड कापणं म्हणतो. मध्ये थांबा घेणाऱ्या विमानाला ही अडचण कमी. म्हणून थेट तिकिटाला जे जास्त पैसे पडतात ते फुकट जात नाहीत. सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी परवडत असेल तर थेटच घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे.

साइटवर आणखी एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. एखादं अंतर लिहून, मग ॲटचं चिन्ह आणि बीओएम लिहिलं की मुंबईभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ येतं. दहा हजार किलोमीटरचं काढून बघा. सगळा युरोप आत येतो, सगळी आफ्रिका आत येते, मेलबर्न आत आणि सिडनी जेमतेम बाहेर. उत्तर ध्रुव तर कधीच आत गेलेला, तो मुंबईपासून ७,९०० किलोमीटरसुद्धा नाही, लंडनपेक्षा थोडाच लांब. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्ही बाहेर. मुंबईच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे काय आहे? पॅसिफिक महासागर, ईस्टर बेटाच्या उत्तरेला नऊशेएक किलोमीटरवर, पाणीच पाणी. मोठ्या शहरांत आपल्यापासून फार लांब पडतं ते पेरूमधलं लिमा, १६,७०० किलोमीटरच्या आसपास. तुलनेसाठी, सिंगापूर ते न्यूयॉर्क हे थेट उड्डाण साधारण १५,३५० किलोमीटरचं आहे आणि त्याला साडेअठरा तासांच्या वर लागतात. दोन इंजिनांच्या विमानाने समुद्रावर पर्यायी विमानतळापासून किती मिनिटांच्या आत राहायला हवं, त्याची वर्तुळंही या साइटवर काढता येतात. ते आमच्या धंद्यातलं, पण ज्यांना आवड आहे त्यांनी हिंदी महासागरावर काढून बघावं.

मला स्वतःला एक जुनी वाट त्यावर काढायला आवडते. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव मलबार प्रिन्सेस. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. आजच्या विमानतळांच्या जागा धरून ती वाट काढली तर साधारण ७,९०० किलोमीटर भरते, थेट रेघेपेक्षा सातशे किलोमीटर जास्त. तेव्हा प्रवासी घेऊन एवढा पल्ला एका दमात गाठला जात नव्हता, थांबे घ्यावेच लागत. त्या पिढीच्या मार्ग आखणाऱ्यांनी हातात कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन हे केलं. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही चार्टवर हाताने रेघा ओढल्या आहेत, म्हणून मला त्या कामाची किंमत कळते.

साइट इंग्रजीत आहे, एवढी एक अडचण ज्येष्ठांना येऊ शकते. पण वाचायचे असतात ते कोड आणि आकडेच. ज्यांना लॅपटॉप जमत नाही त्यांच्यासाठी मुलांनी हे करावं. रेघ काढली की पानाच्या पत्त्यातच ते कोड येतात, तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरच्याला तोच नकाशा उघडतो. सनीव्हेलच्या मुलाला मी तसाच पत्ता पाठवला, त्यात थेट, दिल्लीमार्गे आणि सिंगापूरमार्गे अशा तिन्ही रेघा. त्याचा रात्री फोन आला, म्हणाला, "काका, आई-बाबांना तीन तासांपेक्षा जास्त थांबायला नको आणि एकाच तिकिटावर दोन्ही विमानं हवीत, एवढं बघून मी इथूनच काढतो." दोन्ही अटी बरोबर आहेत. एकाच तिकिटावर असलं की पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं कंपनीवर येतं.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही लिहितो. अमेरिकेत थांबा घेऊन पुढे दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सहसा पहिल्या अमेरिकन विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणून वयस्कर माणसांचा थांबा शक्यतो अमेरिकेबाहेरच संपवावा. आणि युरोपमार्गे जात असाल तर त्या देशाचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकीट काढण्याच्या आधी बघावेत, नंतर नाही. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करायला सांगा, आणि मुंबईला टर्मिनल दोनच्या दारात उतरताना तिकिटाची प्रिंट हाताशी ठेवा.